घड्याळं करणं थांबवून वेळ पोचवायला लागलो: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

वही नवी केली. जुन्या वहीत एका पानावर एक घड्याळ असायचं: डावीकडे तापमान, उजवीकडे दिवसाकाठी किती पुढे पळालं किंवा मागे पडलं. या वहीत घड्याळच नाही, त्यामुळे पानं कशी आखायची तेच कळेना. शेवटी नुसत्या तारखा घालायचं ठरवलं.

सुरुवात कुठून झाली ते एकदा लिहून ठेवतो. एका गिऱ्हाइकाला तापमान-भरपाईचं क्वार्ट्झ घड्याळ करून दिलं होतं, वर्षाला पाच सेकंदांच्या आत चालणारं. न्यायला आला तेव्हा घड्याळाकडे जेमतेम बघितलं आणि टेबलावरच्या पेट्यांकडे बोट केलं. "हे घड्याळ तुम्ही कशावर लावता?" सांगितलं, उपग्रहाचा रिसीव्हर आहे, शेजारी रुबिडियमचं आण्विक घड्याळ आहे, त्यांच्याशी ताडून बघतो. म्हणाला, "मग मला तेच द्या की."

त्याच्या कंपनीचे सर्व्हर शेअर बाजारात सौदे करतात. युरोपात ३ जानेवारी २०१८ पासून नियम लागू आहे: अतिवेगवान सौदे करणाऱ्याचं घड्याळ यूटीसीपासून, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेपासून, १०० मायक्रोसेकंदांच्या बाहेर जाता कामा नये, आणि नोंद एका मायक्रोसेकंदापर्यंत बारीक हवी. माझ्या घड्याळाची वर्षाची पाच सेकंदांची चूक म्हणजे त्यांची ही मर्यादा पन्नास हजार वेळा. आणि चावीचं चांगलं घड्याळ सेकंदाला आठ ठोके देतं, म्हणजे एका ठोक्याला १२५ मिलिसेकंद. त्या एका ठोक्यात त्यांच्या साडेबाराशे मर्यादा मावतात. हे गणित मांडलं आणि आयग्लास, डोळ्याला लावायचं भिंग, काढून ठेवला.

११ जानेवारी

सामानाची यादी. रुबिडियम एक. ओव्हनमधला, म्हणजे एकाच तापमानाला तापवून ठेवलेल्या डबीतला, क्रिस्टल असलेली, वेळ वाटणारी सर्व्हरपेटी एक. जुना रिसीव्हर एक, तो आज चालू करून बघितला.

दर सेकंदाला येणारा पल्स अगदी जिथल्या तिथे. तारीख मात्र साडेएकोणीस वर्षांहून मागची! जीपीएसच्या संदेशात आठवड्याचा आकडा दहा बिटांत बसवलेला, म्हणजे १०२४ आठवडे झाले की परत शून्य. ६ एप्रिल २०१९ ला असं शून्य झालं, आणि या बिचाऱ्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. सेकंद कधी सुरू झाला ते पक्कं माहीत, कुठला सेकंद ते नाही. घड्याळजीला याचं काही वाटत नाही, आम्ही तारीख चावीनं फिरवतो. नेटवर्कचं काम बघायला जी मुलगी आली आहे तिनं मात्र पेटी उचलून थेट भंगाराच्या खोक्यात टाकली. मी परत काढून घरी नेली. भंगारात टाकण्याइतका वाईट पल्स नाही तो.

१९ जानेवारी

छतावर अँटेना बसवला. खाली येणारी केबल ३० मीटर. सिग्नलला या केबलमधून मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे पल्स १५० नॅनोसेकंद उशिरा पोचतो. आकडा रिसीव्हरमध्ये भरला.

नेटवर्कवाली मुलगी म्हणाली, "काका, आपली मर्यादा १०० मायक्रोसेकंदांची आहे. त्यात दीडशे नॅनो कोण बघतंय?"

मी बघतोय.

२ फेब्रुवारी

पेटीची वेळ किती चुकते त्याच्या आलेखात चार दिवस एक लाट दिसत होती. वर-खाली, वर-खाली, साधारण अठरा मिनिटांची. नेटवर्कवाली मुलगी म्हणत होती सॉफ्टवेअरमधलं काहीतरी आहे, दोन दिवस सेटिंग बदलत बसली. मला आकाराची ओळख पटली, पण कुठे बघितलाय ते आठवेना. आठवलं ते जुन्या वहीत.

मनगटी घड्याळातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पंचवीस अंशांच्या आसपास त्याचा वेग सगळ्यात जास्त. तापमान तिथून वर जावो की खाली, घड्याळ मागेच पडतं. दहा अंशांचा फरक पडला तर दिवसाला सुमारे ०.३ सेकंद. घालणारा रात्री घड्याळ काढून ठेवतो, सकाळी बांधतो, आणि कागदावर अशीच लाट उमटते. ही लाट दिवसाची नव्हती, अठरा मिनिटांची होती एवढंच. म्हणून पेटीजवळ स्टूल टाकून बसलो आणि एसी चालू-बंद होताना घड्याळ लावून बघितलं. सतरा मिनिटं पन्नास सेकंद. वाऱ्याचा झोत नेमका पेटीच्या पाठीवर.

ओव्हनच्या क्रिस्टलला बाहेरचं हवामान लागत नाही असं विकणारे सांगतात. कमी लागतं, एवढंच खरं.

५ फेब्रुवारी

घड्याळं ठेवायची लाकडी पेटी होती, आत फोम लावलेली. सर्व्हरपेटीतला क्रिस्टलचा भाग तिच्यात छान बसला. लाट गेली, मी खूश. संध्याकाळी बघतो तर वेग एकाच दिशेला सरकत चाललेला. इतकं गच्च झाकलं की आतली उष्णता बाहेर जाईना. ओव्हनला आपलं तापमान धरायचं तर बाहेरची हवा त्याच्यापेक्षा गारच लागते, नाहीतर तो बंद करून करून किती बंद करणार? फोम काढला, मागे दोन भोकं पाडली, झोत अडवायला पुढे फक्त एक पत्रा उभा केला. आता ठीक. लाकडी पेटी वाया गेली, सागवानी होती.

१५ फेब्रुवारी

आज तिनं मला शिकवलं.

वेळ तारेतून पाठवायची तर वाटेत किती वेळ गेला ते कळायला हवं. तुम्ही विचारता, निघाल्याची वेळ लिहून ठेवता. समोरचा, प्रश्न पोचल्याची आणि उत्तर निघाल्याची अशा दोन वेळा लिहून पाठवतो. उत्तर हातात पडलं की तुम्ही चौथी वेळ लिहिता. या चार आकड्यांवरून जाऊन-येऊन लागलेला वेळ निघतो, त्याचा अर्धा म्हणजे एका बाजूचा प्रवास. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत, १९८५ पासून याच हिशोबावर चालत आलंय, आणि २००२ मध्ये पीटीपीचं, त्याहून बारीक वेळ जुळवणाऱ्या पद्धतीचं, मानक आलं त्याच्या मुळाशीही हेच आहे. पीटीपीत फरक असा की वेळेचा शिक्का नेटवर्क कार्डाच्या दारातच मारतात. त्यामुळे आतल्या सॉफ्टवेअरच्या गर्दीत डेटाचं पाकीट किती वेळ ताटकळलं ते मोजणीत येत नाही. वाटेतले नेटवर्कचे स्विचही समंजस असतील तर आपण किती वेळ अडवून ठेवलं ते प्रामाणिकपणे सांगतात.

मी विचारलं, "अर्धा कशावरून? जायचा रस्ता लांब आणि यायचा जवळचा असला तर?"

"समान धरतात, काका."

"आणि नसला तर?"

"तर फरकाच्या निम्मी चूक राहते. आणि ती आतून दिसत नाही."

हे वाक्य लाल शाईनं लिहून ठेवलं.

२७ फेब्रुवारी

माझ्या हातून चूक झाली. तिचा आग्रह की तीही इथेच लिहायची.

शुक्रवारी संध्याकाळी अँटेनाच्या जोडात पाणी गेलं आणि रिसीव्हर आंधळा झाला. अलार्म लागला होता, पण तो माझ्या जुन्या पत्त्यावर जात होता, जो मी उघडत नाही. पेटी सोमवार सकाळपर्यंत क्रिस्टलच्या भरवशावर चालली. ६४ तास. सकाळी आलो तेव्हा २३ मायक्रोसेकंद मागे. म्हणजे दहा अब्जात एक भाग एवढी चूक, ओव्हनच्या क्रिस्टलला यापेक्षा चांगलं काय मागणार? मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

पुढचं सगळं हाताच्या सवयीनं झालं. जोड सुकवला, नवा टेप गुंडाळला. मागे पडलेलं घड्याळ समोर दिसलं की माझा हात आपोआप पुढे होतो. वेळ एका झटक्यात सरळ केली. आलेखात मोठी पायरी दिसत होती, ती बरी दिसेना, म्हणून नोंद ठेवणारा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. चाळीस मिनिटांनी आलेख कसा स्वच्छ, शून्यावर सरळ रेष.

ती आली, बघितलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, घड्याळ बरोबर लावलंत, पण नोंद मोडलीत." आणि वर, वेळ एकदम पुढे ढकलली की मधली २३ मायक्रोसेकंदं कधी झालीच नाहीत असं सर्व्हरला वाटतं. मागे ओढली असती तर आधीची घटना नंतर झाल्याची नोंद झाली असती. हळूहळू वेग वाढवून गाठायचं असतं.

गिऱ्हाइकाची चाचणी सुरू होती म्हणून त्याला सगळं कळवलं. दुपारी उत्तर आलं: २३ मर्यादेच्या आत आहे, अडचण नाही, पण मधल्या चाळीस मिनिटांची नोंद का नाही?

दुरुस्तीला आलेलं घड्याळ मी कधी चुकीचं परत दिलं नाही. किती चुकत होतं तेही कधी कुणाला लिहून दिलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

३ मार्च

अँटेनाचे सगळे जोड पुन्हा बघितले. अलार्म आता तिघांना जातो, शिवाय फोन वाजतो.

बेल्व्हिल कुटुंबाची गोष्ट तिला सांगितली, तिला ठाऊक नव्हती. लंडनमध्ये जॉन हेन्री बेल्व्हिल यांनी १८३६ मध्ये वेळ विकायला सुरुवात केली. ग्रिनिचच्या वेधशाळेत क्रोनोमीटर ताडून घ्यायचा आणि घड्याळवाल्यांच्या दुकानोदुकानी जाऊन दाखवायचा. ते गेल्यावर पत्नी मारिया यांनी आणि १८९२ पासून मुलगी रूथ यांनी तेच केलं. रूथ १९४० पर्यंत फिरत होत्या, म्हणजे रेडिओवर ग्रिनिचचे ठोके १९२४ पासून ऐकू येत असतानासुद्धा! घड्याळ जॉन अर्नॉल्ड यांच्या हातचं, त्याला त्या 'अर्नॉल्ड'च म्हणायच्या.

आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि सगळे घड्याळाचंच कौतुक करतात. मीही आजवर तेच केलं. आज सांगता सांगता दुसरीच गोष्ट डोक्यात आली. वेधशाळेत त्यांना घड्याळासोबत दाखला मिळायचा, घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे त्याचा. अर्नॉल्ड चुकलेला असला तरी चालायचं, चूक कागदावर असली की झालं.

१४ मार्च

दाखल्याची साखळी जोडण्यात आठवडा गेला. आमची पेटी रुबिडियमशी, रुबिडियम राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या वेळेशी, तिची वेळ यूटीसीशी. प्रत्येक कडीला आकडा आणि त्या आकड्यातली अनिश्चितता.

गंमत अशी की खरा यूटीसी आत्ता या क्षणी कुठल्याच घड्याळात नसतो. जगभरच्या ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळा आपापल्या घड्याळांची मापं पॅरिसजवळ सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय मापन कार्यालयाला पाठवतात. चारशेहून अधिक आण्विक घड्याळं. तिथे त्यांची भारित सरासरी काढतात आणि महिन्यातून एकदा पत्रक निघतं: अमुक दिवशी अमुक प्रयोगशाळा इतके नॅनोसेकंद पुढे होती, तमुक इतके मागे. किती वाजले होते ते सगळं होऊन गेल्यावर कळतं. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःच्या अंदाजावर चालते. चांगल्या प्रयोगशाळांचा अंदाज काही नॅनोसेकंदांत बसतो, हा भाग वेगळा.

तिला यात काही विशेष वाटलं नाही. "हिशोबाच्या वह्या महिनाअखेरीलाच जुळतात."

२२ मार्च

दुसरा रिसीव्हर आला, वेगळ्या बनावटीचा, युरोपच्या गॅलिलिओचे उपग्रहही घेणारा. एकाच माणसाच्या शब्दावर दुकान चालवायचं नाही. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवर यूटीसीशी जोड घालणारा आकडा चुकीचा चढला आणि जगभरच्या वेळपेट्यांना १३.७ मायक्रोसेकंदांचा धक्का बसला. ज्यांचा अँटेना चांगला, केबल चांगली, रिसीव्हर चांगला, त्यांनाही.

आता दोन रिसीव्हर भांडले तर रुबिडियम पंच.

२५ मार्च

पेटी थंड सुरू केली की पहिली काही मिनिटं १८ सेकंद पुढे. जीपीएसच्या वेळेत लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळायला यूटीसीत अधूनमधून घातलेला जादा सेकंद) धरत नाहीत, त्यामुळे ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक सांगणारं पान उपग्रहाच्या साडेबारा मिनिटांच्या संदेशात एकदाच येतं. ते येईपर्यंत आमची पेटी आपल्या मनानं शून्य धरत होती. उपाय: पान वाचल्याशिवाय वेळ बाहेर सोडायचीच नाही. तेरा मिनिटं गप्प बसायचं.

५ एप्रिल

गिऱ्हाइकाकडे जोडणी झाली. पडद्यावर फरक: ४० नॅनोसेकंद. सगळे टाळ्या वाजवतात. मला लाल शाईचं वाक्य टोचतंय. जी चूक आतून दिसत नाही ती पडद्यावर कशी दिसेल?

८ एप्रिल

तिला म्हटलं, मी घड्याळ घेऊन जातो. हसली. मग मी खरंच बॅटरी लावायला घेतली तेव्हा हसायची थांबली.

९ एप्रिल

रुबिडियम रात्रभर तापवून ठेवलं होतं. सकाळी इथे उपग्रहाच्या पल्सशी शून्यावर आणलं, बॅटरीवर टाकलं, पिशवीत फोम घालून मांडीवर घेतलं. जाताना वाटेत दर दहा मिनिटांनी हिरवा दिवा बघत होतो. आयुष्यभर घड्याळ जपून नेणं हाच धंदा, पण एवढी धडधड कधी झाली नव्हती.

तिकडे त्यांच्या सर्व्हरच्या कार्डातून सेकंदाचा पल्स बाहेर काढला. आमचा एका चॅनेलला, त्यांचा दुसऱ्याला. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे पल्स पडद्यावर रेघेसारखा दाखवणाऱ्या यंत्रावर, दोन उभ्या कडा यायला हव्यात एकीवर एक. एकच कड दिसली. दुसरी कुठे गेली म्हणून पडद्याचा काळ वाढवत गेलो, नॅनोसेकंदांतून मायक्रोसेकंदांत, आणि उजवीकडून ती दिसायला लागली. ११ मायक्रोसेकंद उशिरा. बाजूच्या पडद्यावर अजून ४० नॅनोसेकंदच.

केबलींची अदलाबदल केली, तेच. चॅनेल बदलले, तेच. त्यांचा माणूस म्हणाला, "तुमचं घड्याळ प्रवासात हललं असेल." हलूही शकतं, म्हणून वाद घातला नाही. परत येऊन आधी तेच तपासलं. तीन तासांच्या फेरीनंतर उपग्रहाशी फरक ०.४ मायक्रोसेकंद. अकरा नाही.

१२ एप्रिल

सापडलं. आमच्याकडून त्यांच्याकडे जाणारी फायबर एका वर्तुळावर आहे. मध्यंतरी एका बाजूला तुटली होती तेव्हा जायचा रस्ता दुसऱ्या बाजूनं वळवला आणि यायचा जुनाच राहिला. जुळवून परत आणायचं राहून गेलं. इंटरनेट चालत होतं, तक्रार कोण करणार? फायबर ज्यांची आहे त्यांच्याकडून दोन्ही लांब्या मागवल्या: जायची वाट ४.४ किलोमीटरनं जास्त.

काचेत प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. ४.४ ला २२. निम्मे ११. आणि जायची वाट लांब, म्हणून त्यांचं घड्याळ मागे. दिशाही जुळली. वहीत आकडेमोड लिहून तिच्याकडे सरकवली. तिनं पेन्सिलीनं खाली फक्त बरोबरची खूण केली, शाळेत करतात तशी.

आता ११ ची भरपाई सॉफ्टवेअरमध्ये घालता येते. ती म्हणाली, नको, उद्या रस्ता परत वळवला तर हीच भरपाई उलटी चूक होईल. दोन्ही वाटा एकाच बाजूनं करून घ्यायच्या, आणि त्यांच्या छतावर एक छोटा रिसीव्हर फक्त साक्षीला ठेवायचा. त्यानं वेळ लावायची नाही, आमची वेळ किती चुकते तेवढं लिहीत राहायचं.

१८ एप्रिल

वाटा एक झाल्या. पुन्हा मांडीवर घड्याळ घेऊन गेलो. कडांमधलं अंतर ०.३ मायक्रोसेकंद, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच रुबिडियमचं असावं. त्यांच्या माणसानं आज पिशवी स्वतः उचलून दिली.

३ मे

शेवटचं घड्याळ दिलं. वर्षभराच्या चाचणीत १.८ सेकंद पुढे. गिऱ्हाईक म्हणालं, कागद नको, घड्याळ बघूनच कळतं. तरी कागद दिला, महिन्यागणिक आकडे लिहून.

१९ मे

पहिला मासिक अहवाल. गिऱ्हाइकाच्या तपासनिसांचा एकच प्रश्न: ११ तारखेला रात्री २ वाजून १४ मिनिटांनी फरक ३ मायक्रोसेकंदांवर गेला, वीस मिनिटांत परत आला. कारण?

कारण मला माहीत आहे. त्या रात्री एसी दुरुस्तीला आलेल्यानं पत्रा काढून भिंतीला टेकवला आणि जाताना तसाच ठेवला. माझ्या लक्षात सकाळी आलं. अहवाल काढताना ती उंची आलेखात सारखी डोळ्यात खुपत होती. सरासरी दहा मिनिटांऐवजी तासाची घेतली असती तर दिसलीही नसती.

लिहिलं: "११ मे, ०२:१४. पेटीपुढचा पत्रा काढलेला. थंड झोत. कमाल फरक ३.१ मायक्रोसेकंद, अनिश्चितता ०.२. वेळ हातानं बदलली नाही." खाली सही केली.

पत्र्याला आज चार स्क्रू मारले.